प्रयोगशाळेच्या दारावरचा जकातनाका

१ जुलै ही तारीख नंदुरबार जिल्ह्याच्या नशिबात वारंवार येते. १९९८ साली याच दिवशी धुळे जिल्ह्यातून वेगळा होऊन हा जिल्हा अस्तित्वात आला. २०१७ साली याच दिवशी देशभर वस्तू व सेवा कर लागू झाला आणि मुंबईचे जकातनाके इतिहासजमा झाले. २०२३ साली पुन्हा याच दिवशी मध्य प्रदेशातील शहडोल येथे पंतप्रधानांच्या हस्ते राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाचा प्रारंभ झाला. सात कोटी लोकांची तपासणी करून २०४७ पर्यंत या रोगाचे उच्चाटन करण्याचा संकल्प त्या वेळी सोडण्यात आला. पहिल्या घटनेने आम्हांस स्वतंत्र जिल्हा मिळाला, दुसरीने कर मिळाला आणि तिसरीने आश्वासन मिळाले. या कराची आणि या आश्वासनाची गाठ जेथे पडते, तेथे उभ्या राहणाऱ्या एका प्रश्नाचा विचार आज आम्ही वाचकांपुढे मांडू इच्छितो. तो प्रश्न आहे विद्यापीठांना व महाविद्यालयांना संशोधनासाठी लागणाऱ्या उपकरणांवरील कराचा, आणि विशेषतः परदेशांतून आणाव्या लागणाऱ्या उपकरणांवरील कराचा.

विषय वरकरणी रुक्ष आहे. कराचे दर, अधिसूचनांचे क्रमांक आणि परिषदांचे ठराव यांत सामान्य वाचकाला रस वाटू नये, हे स्वाभाविक आहे. परंतु सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या माणसाला तरी हा प्रश्न परका नाही. धडगाव, अक्कलकुवा, तळोदे, नवापूर या तालुक्यांतील भिल्ल, पावरा आदी समाजांत सिकलसेल हा पिढ्यानपिढ्या चालत आलेला रोग आहे. तो आईबापांकडून मुलाकडे येतो. एकाकडूनच दोष आला तर मूल केवळ वाहक होते, दोघांकडून आला तर रोगी होते. रोगी मुलाच्या रक्तातील तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या बनतात, रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि मग त्या असह्य वेदना सुरू होतात, ज्या ज्याने पाहिल्या आहेत त्याला विसरता येत नाहीत.

या रोगाचा इतिहास म्हणजे उपकरणांचा इतिहास आहे. १९१० साली शिकागोच्या जेम्स हेरिक या वैद्याने सूक्ष्मदर्शकाखाली विळ्यासारख्या पेशींची नोंद केली. त्या पेशी अशा का होतात, हे सूक्ष्मदर्शकाला सांगता येईना. १९४९ साली लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विजेच्या क्षेत्रात रक्तातील हिमोग्लोबिन कसे सरकते हे दाखविणाऱ्या यंत्राचा उपयोग केला, आणि रोगी माणसाचे हिमोग्लोबिनच मुळात निराळे आहे, हे सिद्ध झाले. एखाद्या रोगाचे मूळ एका रेणूच्या घडणीत असल्याचे जगाने प्रथमच पाहिले. पुढे तीनच वर्षांनी, १९५२ साली, नीलगिरीच्या आदिवासींत हा दोष आढळल्याची नोंद लेहमान आणि कटबुश यांनी केली आणि भारतातील त्याच्या अस्तित्वाकडे शास्त्रज्ञांचे लक्ष वेधले गेले. वैद्य तेच, रोगीही तेच. परंतु हाती आलेल्या यंत्रागणिक ज्ञानाची पायरी वर चढत गेली.

आजही तीच स्थिती आहे. गावोगावच्या शिबिरांत होणारी साधी विद्राव्यता चाचणी रक्तात दोष आहे एवढेच सांगते. मनुष्य वाहक आहे की रोगी, हे त्या चाचणीने ठरत नाही. त्यासाठी उच्च दाबाखाली द्रवाचे घटक वेगळे करून मोजणारे, एच.पी.एल.सी. या नावाने ओळखले जाणारे यंत्र किंवा तत्सम साधन लागते. निदानाच्या पुढे संशोधन सुरू होते. एकाच घरातील दोन रोगी भावंडांपैकी एकाचे बालपण अंथरुणात जाते आणि दुसरे शाळेत धावते, असे का व्हावे? रक्तातील गर्भकालीन हिमोग्लोबिनचे प्रमाण हे त्याचे एक कारण असल्याचे शास्त्रज्ञ सांगतात, आणि भारतीय आदिवासींत ते प्रमाण आफ्रिकी वंशाच्या रोग्यांहून बहुधा अधिक असते. म्हणजे परदेशांत झालेले संशोधन जसेच्या तसे उचलून येथे लागू पडत नाही. सातपुड्यातील रक्ताचा अभ्यास कोणीतरी सातपुड्याच्या जवळ बसूनच केला पाहिजे.

जी गोष्ट रक्ताची, तीच मिरचीची. नंदुरबारची मिरचीची बाजारपेठ प्रसिद्ध आहे. शहराभोवतीच्या मोकळ्या मैदानांवर मिरचीच्या पथारी पसरल्या की सारा परिसर लाल होतो. आणि अवकाळी पाऊस आला की त्याच पथारींवर व्यापाऱ्याचे आणि मजुराचे वर्ष भिजते. ओलाव्यामुळे येणाऱ्या बुरशीचे विष किती आणि फवारणीचा अंश किती, हे डोळ्यांना दिसत नाही, जिभेलाही कळत नाही. ते मोजणारी यंत्रे जेथे असतात, तेथे मालाचा निवाडा होतो. आमच्या महाविद्यालयांतील रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याने हा अभ्यास हाती घेतला तर तो जिल्ह्याच्या पोटापाण्याचा अभ्यास ठरेल. पण 'आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार' या म्हणीचा प्रत्यय त्याला पहिल्याच दिवशी येतो.

ही यंत्रे महाग असतात, आणि त्यांतील अचूक व उच्च प्रतीची यंत्रे बहुतांशी जपान, जर्मनी, अमेरिका अशा देशांतून येतात. ती सारी येथे बनत असती तर हा लेख लिहिण्याचे कारण पडले नसते. सरकारलाही ही वस्तुस्थिती ठाऊक होती. २३ जुलै १९९६ च्या ५१ क्रमांकाच्या अधिसूचनेने विद्यापीठे व सार्वजनिक पैशांवर चालणाऱ्या संशोधन संस्था यांच्या वैज्ञानिक उपकरणांवरील सीमाशुल्कात सवलत दिली गेली, आणि पुढे कितीतरी वर्षे त्यांच्यासाठी ५ टक्के हा दर चालू राहिला. वस्तू व सेवा कर आल्यानंतर संशोधकांत गोंधळ उडाला, तेव्हा नोव्हेंबर २०१७ मध्ये नव्या अधिसूचना निघाल्या आणि हा करही अशा संस्थांसाठी ५ टक्क्यांवर आणण्यात आला. ही सवलत परदेशी उपकरणांना होती तशीच देशी उपकरणांनाही होती, हे येथे ध्यानात ठेवले पाहिजे.

त्यानंतर जून २०२२ च्या अखेरीस चंदीगड येथे वस्तू व सेवा कर परिषदेची ४७ वी बैठक भरली. करप्रणाली सुटसुटीत करण्याच्या ओघात ज्या अनेक सवलती छाटल्या गेल्या, त्यांत ही सवलतही गेली. १८ जुलै २०२२ पासून विद्यापीठाची प्रयोगशाळा आणि कारखान्याची प्रयोगशाळा कराच्या दृष्टीने एकाच पंक्तीस बसली, आणि बहुसंख्य उपकरणांवरील कर ५ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर गेला.

या फरकाचा अर्थ काय, तो आकड्यांनीच पाहू. एक कोटी रुपये किमतीच्या उपकरणावर ५ टक्क्यांनी पाच लाख रुपये होतात, १८ टक्क्यांनी अठरा लाख. अंतर तेरा लाखांचे. केंद्र सरकारने जानेवारी २०२३ पासून कनिष्ठ संशोधकाची अधिछात्रवृत्ती दरमहा ३७,००० रुपये केली. म्हणजे वर्षाला ४ लाख ४४ हजार. एका यंत्रावर वाढलेल्या करात एका संशोधक विद्यार्थ्याची जवळजवळ तीन वर्षांची अधिछात्रवृत्ती बुडते. कारखानदाराला भरलेल्या कराची वजावट पुढे मिळते, व्यापारी तो गिऱ्हाइकाकडून वसूल करतो. विद्यापीठाला वजावट नाही, कारण त्याची शिक्षणसेवा करमुक्त आहे. आणि गिऱ्हाईकही नाही, कारण ज्ञान हा त्याचा विक्रीचा माल नव्हे. साखळीतील शेवटचा भार त्याच्याच खांद्यावर येतो.

यातील सर्वांत विलक्षण भाग पुढेच आहे. विद्यापीठ हे पैसे आणते कोठून? केंद्राच्या विज्ञानविषयक खात्यांच्या अनुदानातून, राज्य सरकारच्या अनुदानातून. म्हणजे सरकार उजव्या हाताने एक कोटी देते आणि डाव्या हाताने त्यातील मोठा घास परत घेते. आणि या देण्याघेण्यात निविदा, प्रमाणपत्रे, मंजुऱ्या आणि पत्रव्यवहार यांत संशोधकाचे महिने खर्ची पडतात. तिजोरीला यातून खरा लाभ किती, याचा हिशेब कोणी मांडील तर तो मनोरंजक ठरेल. राष्ट्रीय उत्पन्नाच्या अवघा ०.६४ टक्के भाग आपण संशोधनावर खर्च करतो, असे सरकारी आकडेच सांगतात. इतक्या लहान भाकरीतूनही तुकडा मोडून घेण्याची पाळी या राष्ट्रावर खचित आलेली नाही.

धोरण ठरविताना प्रयोगशाळेची आठवण राहत नाही, याचे आणखी एक उदाहरण ताजे आहे. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात प्रयोगशाळेतील रसायनांवरील आयातशुल्क १० टक्क्यांवरून एकदम १५० टक्क्यांवर नेण्यात आले. या सदराखाली होणाऱ्या मद्यार्काच्या आयातीला आळा घालणे, हा त्यामागील हेतू. परंतु साप म्हणून भुई धोपटली गेली, आणि तिचा मार बसला तो देशभरच्या संशोधकांना. ओरड झाल्यावर थोड्याच दिवसांत, उपयोग प्रयोगशाळेतच होईल या हमीवर, जुना दर परत आला. चूक सुधारली, याबद्दल सरकारचे अभिनंदन केले पाहिजे. आमचा मुद्दा एवढाच की, जो न्याय रसायनांना काही दिवसांत मिळाला, तो उपकरणांनाही मिळावा.

या मागणीवर तीन आक्षेप घेतले जातात, आणि त्यांपैकी एकही उडवून लावण्याजोगा नाही. पहिला आक्षेप स्वदेशीचा. परदेशी यंत्रे स्वस्त केली तर देशी उत्पादक वर कसा येणार, असे विचारले जाते. या प्रश्नाचे उत्तर जगाने फार पूर्वी शोधून ठेवले आहे. १९५० साली युनेस्कोच्या फ्लॉरेन्स येथील परिषदेत शैक्षणिक, वैज्ञानिक व सांस्कृतिक साहित्याच्या आयातीविषयी जो करार संमत झाला, त्यात वैज्ञानिक उपकरणांना शुल्कमुक्त प्रवेश देताना एक अट घातली होती: तोलामोलाचे उपकरण आयात करणाऱ्या देशात बनत नसले पाहिजे. अमेरिकेने १९६६ साली याच तत्त्वावर कायदा केला. तेथील विद्यापीठ शुल्कमाफीसाठी अर्ज करते, तो अर्ज सरकारी राजपत्रात जाहीर होतो, वीस दिवसांत कोणाही उत्पादकाला 'असे यंत्र आम्ही बनवितो' म्हणून हरकत घेता येते, आणि मग निर्णय होतो. यात देशी कारखानदाराचा हक्कही शाबूत राहतो आणि संशोधकाची वाटही मोकळी राहते. जे यंत्र येथे बनतच नाही त्यावरील शुल्काने कोणत्या देशी उद्योगाचे रक्षण होते, हे आम्हांस तरी उमगलेले नाही.

स्वदेशीचा खरा मार्ग कोणता, हे दाखविणारे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. ऑस्ट्रेलियात सिडनीजवळ पॉट्स हिल येथे सहा फूट व्यासाच्या बत्तीस लहान तबकड्या वापराविना पडल्या होत्या. डॉ. गोविंद स्वरूप यांनी तरुणपणी तेथे काम केले होते. त्या देणगीदाखल भारताला मिळाल्या, आणि त्यांतून १९६५ साली कल्याण येथे आपली पहिली रेडिओ-दुर्बीण उभी राहिली. त्या परदेशी तबकड्यांवर जी तरुण मंडळी तयार झाली, त्यांनी उटी येथील ५३० मीटर लांबीची दुर्बीण येथेच बांधून १९७० साली कार्यान्वित केली; आणि पुढे नारायणगावजवळ खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची जी महादुर्बीण उभी राहिली, तिच्यावर काम करण्यासाठी आज परदेशी शास्त्रज्ञ वेळ मागून येतात. कल्याणच्या तबकड्या बंदरात अडल्या असत्या, तर खोडदचे स्वप्न पाहण्याइतके बळ कोणाच्या अंगी आले असते? परक्याचे उत्तम यंत्र हाताळल्याशिवाय स्वतःचे उत्तम यंत्र घडविता येत नाही.

येथे कोणी चंद्रशेखर वेंकट रामन यांचा दाखला देतात आणि म्हणतात की, थोड्याशा रुपयांच्या सामग्रीवर त्यांनी १९२८ साली जगद्विख्यात शोध लावला. ही कथा अभिमानाची असली तरी अर्धी आहे. ज्या वर्णपटलेखकाने त्या प्रकाशाची छायाचित्रे टिपली, तो लंडनच्या हिल्गर कंपनीचा होता. प्रतिभा रामन यांची होती. परंतु ती प्रतिभा जगाला दाखविण्यास अचूक उपकरण लागलेच. गरिबीचे गोडवे गाऊन प्रयोगशाळा उपाशी ठेवणे, हा रामन यांचा गौरव नव्हे.

दुसरा आक्षेप गैरवापराचा. सवलतीत आणलेले यंत्र मागल्या दाराने बाजारात जाईल, ही भीती निराधार नाही. परंतु अशा आयातीवर संस्थाप्रमुखाचे प्रमाणपत्र आणि पाच वर्षे यंत्र न विकण्याची अट पूर्वीपासूनच होती. चोराच्या भयाने घराची दारे भिंत घालून बुजविण्याऐवजी कुलूप चांगले लावावे, हा व्यवहार आहे. तिसरा आक्षेप करप्रणालीच्या सुटसुटीतपणाचा. एकाला सूट दिली की दहा जण रांगेत उभे राहतात, हे खरे. पण याच परिषदेने सप्टेंबर २०२५ मध्ये अनेक वैद्यकीय साधनांवरील कर ५ टक्क्यांवर आणला. आजाऱ्याच्या उपयोगाची वस्तू चैनीची नसते, हे तत्त्व त्यामागे होते आणि ते योग्यच होते. रोगाचे मूळ शोधण्याचे यंत्र त्या तत्त्वाबाहेरचे का मानावे?

कराइतकीच लहान जागी असणाऱ्यांची आडवणूक हाही या प्रश्नाचा भाग आहे. जुन्या अधिसूचनांत विद्यापीठे, तंत्रज्ञान संस्था व सार्वजनिक संशोधन संस्था यांची नावे होती. संलग्न महाविद्यालयाचा स्पष्ट उल्लेख नव्हता. मोठ्या नगरांतील संस्थांजवळ आयातीचे काम पाहणारे स्वतंत्र विभाग असतात, दिल्लीत नोंदणीसाठी माणसे असतात. जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाशी संलग्न असलेल्या नंदुरबार किंवा शहादा येथील महाविद्यालयात हे सारे काम तोच प्राध्यापक करतो, जो सकाळी तास घेतो आणि दुपारी प्रात्यक्षिके. जून २०२५ मध्ये केंद्राने खरेदीचे काही नियम सैल करून कुलगुरू व संचालक यांना जागतिक निविदांबाबत अधिकार दिले, हे स्वागतार्ह आहे. ती मोकळीक विद्यापीठाच्या मुख्य इमारतीपाशी न थांबता मान्यताप्राप्त संशोधन केंद्र असलेल्या महाविद्यालयापर्यंत उतरली पाहिजे.

सरकारला चार शब्द सुनावताना आम्ही आमच्या शिक्षणसंस्थांनाही मोकळे सोडू शकत नाही. प्रस्तुत लेखकाने पूर्वायुष्यात काही वर्षे शाळेत शिकविले. त्या शाळेत एक चांगला सूक्ष्मदर्शक होता आणि तो कपाटात कुलूपबंद असे. मुलांच्या हाती गेला तर बिघडेल, अशी धास्ती. तपासणीच्या दिवशी तो टेबलावर येई आणि संध्याकाळी परत कपाटात जाई. कांद्याच्या पापुद्र्यातील पेशी मुलांनी फळ्यावरच्या खडूच्या चित्रात पाहिल्या. आजही लाखोंची यंत्रे आच्छादनाखाली धूळ खात पडलेली, दुरुस्तीसाठी तरतूद नाही म्हणून वर्षानुवर्षे बंद राहिलेली दिसतात. जनतेने कर सोडून द्यावा आणि यंत्र कपाटात राहावे, हा सौदा आम्हांस मान्य नाही. करमाफी हवी असेल तर तिची किंमत उपयोगाने चुकविली पाहिजे.

म्हणून आमचे म्हणणे थोडक्यात असे. विद्यापीठांच्या व मान्यताप्राप्त संशोधन केंद्रांच्या उपकरणांवरील वस्तू व सेवा कराची २०२२ साली गेलेली सवलत, देशी व परदेशी दोन्ही उपकरणांसाठी, परत द्यावी. जे उपकरण देशात बनत नाही त्यावरील सीमाशुल्क पूर्ण माफ करावे. ते बनते की नाही याचा निर्णय जाहीर अर्ज, हरकतींची मुदत आणि ठराविक दिवसांत निकाल या मार्गाने व्हावा. देशी उत्पादकाला आयात करावे लागणारे सुटे भागही याच न्यायाने स्वस्त करावेत, म्हणजे त्याची स्पर्धा समान भूमीवर होईल. आणि सवलतीत आलेल्या प्रत्येक यंत्राच्या वापराची नोंदवही सर्वांना पाहण्यास खुली असावी. ते यंत्र आठवड्यातील काही दिवस खानदेशातील अन्य महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांना उपलब्ध करून देणे बंधनकारक असावे. परिषदेत राज्यांच्या मतांचे वजन दोन-तृतीयांश आहे. तेव्हा दिल्लीकडे बोट दाखवून महाराष्ट्र सरकारला स्वस्थ बसता येणार नाही. आमच्या लोकप्रतिनिधींनी हा प्रश्न मुंबईत आणि दिल्लीत दोन्ही ठिकाणी विचारावा.

२९ सप्टेंबर २०१० रोजी याच जिल्ह्यातील शहादा तालुक्याच्या टेंभली गावात देशातील पहिला आधार क्रमांक देण्यात आला. त्या दिवशी पंतप्रधान आले होते, आणि त्यांच्याबरोबर आदिवासी माणसाच्या बोटांचे ठसे टिपणारी आणि त्याच्या डोळ्यांतील बुबुळ वाचणारी यंत्रेही आली होती. माणूस कोण, हे ओळखण्यासाठी अद्ययावत यंत्र टेंभलीपर्यंत पोहोचू शकते, असे या राष्ट्राने तेव्हा सिद्ध करून दाखविले. त्याच माणसाच्या रक्तात काय आहे आणि त्याचे मूल कशाने कण्हते, हे ओळखणारे यंत्र येथल्या विद्यार्थ्याच्या हाती पोहोचण्याच्या वाटेवर मात्र आपण जकातनाका उभारून ठेवला आहे. गावोगावचे नाके उठले. आता हा शेवटचा नाकाही उठविण्यात यावा.